घरी बरोबर असलेला प्रबंध छापताना का बिघडतो: वर्डमधल्या लपलेल्या बुकमार्क खुणा

“ताई, घरी सगळं बरोबर होतं की ओ!” सबमिशनच्या हंगामात आठवड्यातून दोनदा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडतं. सांगलीत विश्रामबागेत माझं टायपिंग, सेटिंग आणि बायंडिंगचं दुकान आहे. प्रबंध, लघुप्रबंध, कॉलेजांचे नॅकचे अहवाल अशी लांबलचक कामं माझ्याकडे येतात, आणि त्यांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा निघतं. प्रिंट दिली की पानापानावर ठळक अक्षरांत उमटतं: “एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड.” नाहीतर अनुक्रमणिकेत पान क्रमांकाच्या जागी “एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड.”

गेल्या वर्षी तासगावची एक मुलगी असाच प्रबंध घेऊन आली होती. विषय सांगलीच्या हळदीचा. हरिपूरची पेवं म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, बाजारातले सौदे, २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, सगळं होतं त्यात. तीनशेच्या वर पानं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच प्रती कोल्हापूरला विद्यापीठात द्यायच्या. पहिली प्रत अर्धी बाहेर आली आणि सतरा ठिकाणी एरर. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं फाइलला व्हायरस लागला, तिच्या भावाला वाटलं आमच्या मशिनचा दोष. दोन्ही नव्हतं. चूक पंधरा दिवसांपूर्वी झाली होती आणि दिसली त्या रात्री. हे मधलं अंतर कळलं की निम्मा प्रश्न सुटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही रेफरन्सेस टॅबमधून क्रॉस-रेफरन्स घालता, म्हणजे “पाहा ३.२ हरिपूरची पेवं” असं वर्डकडून लिहून घेता, तेव्हा तो ३.२ आकडा त्या शीर्षकाला बांधला जातो असं आपल्याला वाटतं. तो शीर्षकाला बांधलेला नसतो. वर्ड गुपचूप त्या शीर्षकाच्या मजकुराभोवती एक बुकमार्क घालतो, सुरुवातीला एक खूण आणि शेवटी एक खूण, आणि आपला आकडा त्या बुकमार्कच्या नावाला बांधतो. हे नाव अंडरस्कोअरने सुरू होतं, मग रोमन आर-ई-एफ, मग एक लांब क्रमांक. अनुक्रमणिकेसाठी असेच बुकमार्क असतात, त्यांत आर-ई-एफऐवजी टी-ओ-सी. नाव अंडरस्कोअरने सुरू झालं की वर्ड तो बुकमार्क लपलेला धरतो आणि नेहमीच्या यादीत दाखवत नाही.

म्हणजे शीर्षक डोळ्यांसमोर असतं, पण त्याच्या दोन टोकांना ठोकलेल्या खुंट्या दिसत नाहीत. शीर्षक सगळंच्या सगळं सिलेक्ट करून पुसलं आणि नव्याने टाइप केलं, की खुंट्याही उपटल्या जातात. नवं शीर्षक दिसायला अगदी तसंच, त्याच स्टाइलमध्ये, त्याच क्रमांकाचं. पण संदर्भ ज्याला बांधला होता ते नाव आता फाइलमध्ये कुठेच नाही.

मग लगेच एरर का येत नाही? कारण संदर्भाचा आकडा हे एक फील्ड असतं, म्हणजे वर्डने स्वतः भरलेली जागा, आणि फील्ड स्वतःहून ताजं होत नाही. शेवटचं जे उत्तर मिळालं होतं तेच ते दाखवत राहतं. तुम्ही एफ ९ ही फील्ड ताजं करायची कळ दाबता, किंवा प्रिंट देता आणि त्या मशिनवर “अपडेट फील्ड्स बिफोर प्रिंटिंग” ही सोय चालू असते, तेव्हा ते बुकमार्क शोधायला जातं आणि रिकाम्या हाताने परत येतं. ही सोय फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले इथे असते. घरच्या लॅपटॉपवर ती बंद आणि दुकानातल्या मशिनवर चालू असली, की घरी बरोबर आणि दुकानात चूक. प्रबंध घरीच बिघडलेला असतो. ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय, चालू ठेवून काम करणाऱ्यांचं आणखी अवघड. पुसलेलं शीर्षक लाल रेघेखाली तसंच असतं, त्याबरोबर बुकमार्कही असतो. मार्गदर्शक सरांनी सगळे बदल स्वीकारले की त्या दिवशी तो जातो.

आधी खुणा बघायला शिका

इन्सर्ट टॅबमध्ये लिंक्सच्या गटात बुकमार्क आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ ५ एकदम दाबलं तरी तीच खिडकी उघडते. खिडकीत खाली “हिडन बुकमार्क्स” असा एक चौकोन असतो, तो टिक करा. आतापर्यंत रिकामी दिसणारी यादी एकदम भरून येते. प्रबंधासारख्या फाइलमध्ये शेकड्याने नावं असतात, त्यांना घाबरू नका. “लोकेशन” निवडलं की ती पानांच्या क्रमाने लागतात. एखादं नाव निवडून “गो टू” केलं की वर्ड त्या जागी जातो आणि बुकमार्कने घेरलेला मजकूर सिलेक्ट करून दाखवतो. तो सिलेक्ट झालेला भाग नीट बघा. खूण कुठून कुठपर्यंत आहे हे तिथेच कळतं, आणि पुढचे निम्मे घोटाळे त्यावरूनच उलगडतात.

या यादीत गो-बॅक नावाचा एक बुकमार्कही भेटेल, तोही अंडरस्कोअरने सुरू होणारा. शेवटचं काम कुठे चाललं होतं त्या जागेची ती वर्डची स्वतःची आठवण आहे, २०१० च्या आवृत्तीपासून असते. तिचा आपल्या एररशी संबंध नाही.

तुम्ही स्वतः नाव देऊन घातलेले बुकमार्क बघायला वेगळी सोय आहे: फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, आणि खाली “शो बुकमार्क्स”. ती चालू केली की मजकुराभोवती राखाडी चौकोनी कंस दिसतात, आणि मजकूर न घेता नुसत्या जागेवर घातलेला बुकमार्क उभ्या दांड्यासारखा दिसतो. हे कंस छापले जात नाहीत. लपलेल्या बुकमार्कसाठी मात्र या कंसांवर विसंबू नका, यादीतूनच बघा.

त्याच पानावर “फील्ड शेडिंग” नावाची एक सोय आहे, ती “ऑलवेज” करून ठेवा. मग कुठला आकडा वर्डने घातलेला आहे आणि कुठला कोणी हाताने टाइप केलेला, हे राखाडी पट्टीवरून एका नजरेत समजतं. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक फाइलवर मी पहिलं काम हेच करते.

बुकमार्क कशाने मरतो, कशाने फुगतो

नियम थोडेच आहेत. खुणांच्या आत कुठेही मजकूर घातला की तो बुकमार्कचा भाग होतो. अगदी सुरुवातीला, पहिल्या अक्षराच्या आधी टाइप केलं तरी तो आतच जातो. शेवटच्या अक्षरानंतर टाइप केलेला बाहेर राहतो. थोडा भाग पुसला तर बुकमार्क उरलेल्यावर तग धरतो. पूर्ण पुसला तर बुकमार्क गेला. कट करून त्याच फाइलमध्ये दुसरीकडे पेस्ट केलं तर तो बरोबर जातो. कॉपी केलं तर मुळावरच राहतो, प्रतीवर येत नाही.

आता हे नियम हळदीच्या प्रबंधाला लावून बघा. “भौगोलिक मानांकन” या शीर्षकाच्या शेवटी मुलीने नंतर “२०१८” घातलं होतं. ते खुणेच्या बाहेर पडलं. जिथे जिथे शीर्षकाचं नाव संदर्भात येत होतं तिथे जुनंच, सालाशिवाय छापलं जात होतं. इथे एरर येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

त्याहून वाईट प्रकार “बाजारातले सौदे” या शीर्षकाचा. त्याच्या वर एक ओळ वाढवायची होती, म्हणून शीर्षकाच्या अगदी सुरुवातीला कर्सर ठेवून एंटर मारला, आणि वर तयार झालेल्या परिच्छेदात मजकूर टाइप केला. सुरुवातीला घातलेलं आत जातं, या नियमाने तो अख्खा परिच्छेद बुकमार्कच्या पोटात गेला. पुढे प्रकरण पाचमध्ये एका वाक्यात “पाहा” नंतर शीर्षकाऐवजी सात ओळींचा परिच्छेद उतरला, मोठ्या अक्षरांतल्या शीर्षकासकट. पाहणाऱ्याला वाटतं कोणीतरी चुकून पेस्ट केलंय. लोक तो पुसतात, एफ ९ दाबतात, आणि तो परत येतो. शीर्षकाच्या वर जागा हवी असेल तर आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी जाऊन एंटर मारा. एवढी एक सवय लावली तरी खूप निस्तरायचं वाचतं.

आपल्या मराठी कामात दोन कारणं खास आहेत आणि ती इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर सापडत नाहीत. पहिलं, फॉन्ट बदलणं. जुना मजकूर श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये असतो, विद्यापीठाला किंवा मासिकाला युनिकोड हवा असतो. मग शीर्षक कॉपी करायचं, कन्व्हर्टरमध्ये टाकायचं, बदललेलं परत आणून जुन्यावर पेस्ट करायचं. कन्व्हर्टरमधून नुसती अक्षरं परत येतात, खुणा येत नाहीत. एका संध्याकाळी अख्खा प्रबंध असा बदलला की सगळे संदर्भ एकाच वेळी अनाथ होतात. म्हणून मी आग्रहाने सांगते: आधी युनिकोड, मग शीर्षकांच्या स्टाइल, आणि संदर्भ सगळ्यांत शेवटी.

दुसरं, आकडे. आकृतीखाली वर्ड “आकृती” लिहून इंग्रजी आकडा घालतो. आपल्याला देवनागरी ३ हवा असतो, म्हणून ऑपरेटर तो आकडा पुसून हाताने टाइप करतो. तो आकडा फील्ड होता, ते गेलं, आणि बुकमार्क “आकृती” एवढ्याच शब्दाभोवती उरला. नवा ३ शेवटी टाइप केल्याने बाहेर. मग मजकुरात सगळीकडे “आकृती मध्ये दाखवल्याप्रमाणे” असं छापलं जातं, आकड्याविना. हेही एररशिवाय. आकडे कुठल्या लिपीत हवेत हे संदर्भ घालण्याआधी मार्गदर्शकांना विचारून घ्या, नंतर हाताने बदलू नका.

प्रकरणं वेगवेगळ्या फायलींत ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एका नावाचा बुकमार्क एका फाइलमध्ये एकच राहू शकतो. पहिल्या प्रकरणाची फाइल “सेव्ह अॅज” करून तिच्यातच दुसरं, तिसरं प्रकरण लिहिलेलं असलं, तर सगळ्या फायलींत त्याच नावाचे बुकमार्क असू शकतात. एकत्र जोडताना त्यांतला एकच टिकतो आणि चौथ्या प्रकरणातला संदर्भ पहिल्या प्रकरणातलं शीर्षक दाखवायला लागतो. जोडल्यानंतर प्रत्येक संदर्भावर कंट्रोल धरून क्लिक करा आणि उडी बरोबर ठिकाणी पडते का बघा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

दुरुस्ती

अनुक्रमणिकेतला एरर सोपा आहे. अनुक्रमणिकेत क्लिक करा, एफ ९ दाबा, आणि “अपडेट एंटायर टेबल” निवडा. नुसते पान क्रमांक ताजे करण्याचा पर्याय घेतला तर वर्ड जुन्याच बुकमार्कना शोधत बसतो. पूर्ण टेबल घेतलं की तो शीर्षकं नव्याने वाचतो आणि नवे बुकमार्क घालतो. अनुक्रमणिकेत कोणी हाताने सुधारणा केल्या असतील तर त्या यात पुसल्या जातात, म्हणून सुधारणा नेहमी मूळ शीर्षकात करा. अनुक्रमणिका वेगळ्या फाइलमध्ये न्यायची असेल तर तिथे बुकमार्क नसतात आणि एरर येणारच. नेलेली प्रत सिलेक्ट करून, एफ ९ ला हात लावण्याआधी, कंट्रोल, शिफ्ट, एफ ९ दाबा. फील्डचं साध्या मजकुरात रूपांतर होतं. हे मूळ फाइलवर करू नका.

मजकुरातले एरर हे खरं काम. सगळ्यात आधी, एरर आत्ताच, एफ ९ दाबल्यावर आला असेल तर कंट्रोल झेड करा. जुनी उत्तरं परत दिसतात. कागद-पेन घ्या आणि कुठल्या पानावर काय होतं ते लिहून ठेवा, नंतर ताळा घ्यायला लागतं.

मग ऑल्ट आणि एफ ९ दाबा. सगळ्या फील्डांची पोटं उघडतात. एररच्या जागी महिरपी कंसात आर-ई-एफ हा शब्द, आणि पुढे अंडरस्कोअरने सुरू होणारं ते लांब क्रमांकाचं नाव दिसेल. त्या रात्री आम्ही असं बघितलं तेव्हा सतरापैकी अकरा ठिकाणी नाव एकच होतं. म्हणजे अकरा चुका नव्हत्याच, एकच बुकमार्क हरवला होता.

तो कुठल्या शीर्षकावर होता हे क्रमांकावरून कळत नाही. इथे जुनी प्रत कामाला येते. मुलीच्या मेलमध्ये सरांना पाठवलेली महिन्यापूर्वीची फाइल होती. ती उघडली, बुकमार्कची खिडकी, हिडन टिक, ते नाव शोधलं, गो टू. “हरिपूरची पेवं” हे शब्द सिलेक्ट झाले. एवढ्या वेळात पहिल्यांदा मुलगी हसली.

आता अकरा संदर्भ पुन्हा घालत बसायची गरज नाही. नव्या फाइलमध्ये ते शीर्षक सिलेक्ट केलं. फक्त शब्द, शेवटची परिच्छेदाची खूण न घेता, नाहीतर संदर्भाबरोबर एंटरही येतो. बुकमार्कच्या खिडकीत रोमन अक्षरांत “हरिपूर_पेव” असं नाव दिलं आणि अॅड केलं. नावात स्पेस चालत नाही, अंडरस्कोअर चालतो, सुरुवात अक्षराने हवी, आणि लांबी ४० च्या आत. मग फील्डांची पोटं उघडीच ठेवून कंट्रोल एच: शोधायचं ते जुनं क्रमांकाचं नाव, बदलायचं नवं नाव, रिप्लेस ऑल. अकरा बदल झाले. ऑल्ट एफ ९ ने पोटं मिटवली, कंट्रोल ए, एफ ९. अकराच्या अकरा जागा भरल्या. पान क्रमांक दाखवणारे संदर्भही याच रीतीने दुरुस्त होतात, त्यांत आर-ई-एफऐवजी पेज-आर-ई-एफ असतं एवढंच. उरलेल्या सहांसाठी असंच आणखी दोनदा केलं. साडेअकराला छपाई पुन्हा सुरू झाली.

बुकमार्क मेलेला नसून फुगलेला असेल, म्हणजे त्या परिच्छेदासारखा, तर तो फक्त पुन्हा ठोकायचा. योग्य तेवढंच शीर्षक सिलेक्ट करून त्याला नवा, नाव दिलेला बुकमार्क द्या आणि वरच्यासारखंच नाव बदला.

कंट्रोल ए सगळं घेतं असं वाटतं, पण तळटिपा, पानाच्या डोक्यावरचा आणि तळाचा मजकूर, टेक्स्ट बॉक्स त्यात येत नाहीत. तळटिपांत कर्सर ठेवून तिथे वेगळं कंट्रोल ए, एफ ९ करा. आणि हे सगळं दोनदा करा, कारण पहिल्या फेरीत अनुक्रमणिका एखाद्या ओळीने वाढली तर पुढची पानं सरकतात. मग कंट्रोल एफमध्ये “एरर” हा शब्द, वर्ड जसा रोमनमध्ये छापतो तसा, उद्गारचिन्हासह शोधा. एकही सापडला नाही तरच पीडीएफ करा, आणि दुकानात पीडीएफच आणा. पीडीएफमध्ये फील्ड उरत नाहीत, दुसऱ्या मशिनवर काही ताजं व्हायचा प्रश्न येत नाही.

शीर्षक बदलायचंच असेल तर ते कसं बदलायचं हेही सांगते. पूर्ण सिलेक्ट करू नका. पहिल्या शब्दानंतर कर्सर ठेवा, नवं शीर्षक तिथे टाइप करा, मग आधीचा पहिला शब्द आणि नंतरचा उरलेला जुना मजकूर पुसा. नवा मजकूर खुणांच्या आतच जन्मतो आणि बुकमार्क जिवंत राहतो. इंग्रजीत लोक पहिल्या अक्षरानंतर हे करतात. मराठीत काना, मात्रा, जोडाक्षरं अर्धवट पुसली जातात आणि टोकाला एखादी वेलांटी लटकत राहते, म्हणून अख्खा शब्दच धरा.

आणि रोजची फाइल तारखेच्या नावाने वेगळी सेव्ह करत जा. त्या रात्री मेलमध्ये जुनी प्रत नसती तर ते अकरा संदर्भ कुठल्या शीर्षकाचे होते, हे तिला तीनशे पानं वाचून ठरवावं लागलं असतं, आणि कोल्हापूरची गाडी सकाळी सातची होती.